लोक काय म्हणतील, आणि बाळाला कोण घेईल

नवजात बाळांच्या विभागात मी परिचारिका म्हणून काम करते. नव्या बापांना बाळ कसं धरायचं हे शिकवणं हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं की बाप पुढे येतो, हात अर्धे उचलतो आणि विचारतो, "सिस्टर, मी घेऊ का?" विचारतो मला, पण नजर मागे उभ्या असलेल्या माणसांवर फिरत असते. स्वतःची आई, सासूबाई, काका, एखादा मित्र. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अरे, तुला जमणार आहे का? दे आजीकडे." आणि ते उचललेले हात खाली जातात.

त्या बापासाठी हे लिहिते आहे. त्याला दोन गोष्टी शिकायच्या असतात. एक म्हणजे बाळाचं काम, आणि दुसरी म्हणजे चार माणसांसमोर ते काम करणं. पहिली गोष्ट आठवड्याभरात हातात बसते. दुसरीला वेळ लागतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

ते "लोक" आधी शोधून काढा

"आमच्यात पुरुष हे करत नाहीत," असं सांगणाऱ्या माणसाला मी थोडं बाजूला घेऊन विचारते, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं? बहुतेक जण म्हणतात, "मला काही अडचण नाही हो, पण लोक नावं ठेवतात." आता हे लोक कोण? पलीकडच्या खुर्चीवर बसलेला दुसरा बाप. त्याला विचारावं, तर तोही हेच सांगतो आणि पहिल्याकडे बोट दाखवतो.

हे माझंच निरीक्षण नाही. जपानमध्ये कायद्याने पुरुषांना भरपूर पितृत्व रजा मिळते, पण घेणारे अगदी थोडे असायचे. तिथल्या पुरुषांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पुष्कळ पुरुषांना मनातून ही रजा पटत होती, मात्र इतर पुरुषांना ती पटत नसणार असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं, आणि त्या गृहीतकापायी ते मागे राहत होते. सौदी अरेबियात रियाध इथे विवाहित पुरुषांवर असाच एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. बायकोने घराबाहेर नोकरी करावी का, असा तिथला प्रश्न होता. बहुसंख्य पुरुष स्वतः 'हो' म्हणाले, पण आपले शेजारीपाजारी विरोधात असतील असा त्यांचा अंदाज होता. त्यातल्या अर्ध्या पुरुषांना शेजाऱ्यांची खरी मतं सांगितली गेली. मग त्या पुरुषांनी बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवण्याचं प्रमाण वाढलं, आणि काही महिन्यांनी त्या घरांतल्या बायका प्रत्यक्ष नोकरीसाठी अर्ज करताना, मुलाखतींना जातानाही जास्त दिसल्या.

म्हणून बाळ येण्याआधी एक काम करा. तुमच्या ओळखीतले चार-पाच बाप निवडा, एकेकट्याला गाठा आणि विचारा, "तू बाळाचं काय काय करायचास?" घोळक्यात विचारू नका. घोळक्यात थट्टा होते आणि खरं कुणीच बोलत नाही. एकट्याला विचारलंत तर एखादा सांगेल की रात्रीचे लंगोट मीच बदलायचो, कुणाला बोललो नाही इतकंच. दुसरा सांगेल की करायचं होतं, राहून गेलं.

स्वतःच्या वडिलांनाही विचारा. हा प्रश्न सगळ्यात अवघड, पण टाळू नका. एका आजोबांनी, त्यांचा मुलगा शेजारी बाळ छातीशी घेऊन बसलेला असताना, मला हळूच सांगितलं होतं, "मोठ्या माणसांसमोर स्वतःचं मूल उचलायचा संकोच वाटायचा आम्हाला. हा झोपला की मग मी जाऊन बघायचो." मुलाने ते ऐकलं. त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं की वडिलांना त्याचं कौतुक नव्हतं. तुमच्या घरातही असं काही बोलायचं राहून गेलेलं असेल, तर ते बोलायला नातवंडाइतकं चांगलं निमित्त दुसरं मिळणार नाही.

पहिला तास: शर्टाची बटणं काढा

बाळाला छातीशी उघड्या त्वचेवर घेणं इथून सुरुवात करा. या पद्धतीला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी पुढे नेली. कारण अगदी साधं होतं. लवकर जन्मलेल्या बाळांना ठेवायला ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) पुरेशा नव्हत्या, म्हणून बाळांना आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात झाली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी हाच सल्ला देते. २०२२ च्या शिफारशीत म्हटलं आहे की हे जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावं आणि दिवसातले ८ ते २४ तास द्यावं. आता विचार करा, आठ ते चोवीस तास एकट्या बाळंतिणीने कसे द्यायचे? तिला झोपायचं असतं, अंघोळ करायची असते, टाके दुखत असतात. तिथे बापाची छाती लागते. पूर्ण दिवसांच्या बाळालाही याचा फायदा होतोच. बाळाच्या अंगाची ऊब टिकते, रडणं कमी होतं.

कसं करायचं ते नीट सांगते. घड्याळ, अंगठ्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. अत्तर नको, आणि सिगारेटचा वास असलेला शर्ट तर अजिबात नको. मागे थोडं रेलून बसता येईल अशा खुर्चीत बसा, शर्ट पुढून उघडा. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी. बाळ उभं धरून छातीच्या मधोमध ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले. डोकं एका कुशीला वळलेलं हवं आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठीवरून मानेपर्यंत. वरून मऊ कापड, आणि त्यावर शर्टाच्या दोन्ही बाजू ओढून घ्या.

या क्षणी जवळजवळ प्रत्येक बाप श्वास रोखून धरतो. मी त्यांना सांगते, श्वास घ्या, बाळाला तुमची छाती हलायला हवी आहे. थोड्या वेळाने बाळाच्या मुठी सैल पडतात, मग एक तळवा उघडून छातीवर पसरतो. बापाला ते जाणवतं तेव्हा तो माझ्याकडे बघतो आणि मी काही बोलत नाही. किमान तासभर तरी उठू नका, बाळाची झोप मध्येच मोडते. स्वतःला पेंग यायला लागली तर मात्र लगेच दुसऱ्या कुणाकडे द्या. बाळ घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोपणं धोक्याचं आहे, यात सूट नाही.

आणि हे सगळं भेटायला आलेल्या माणसांसमोर करा. पडद्याआड नको. "तुला जमणार आहे का" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

एक काम पूर्ण आपलं करा

घरी गेल्यावर चांगल्या मनाचा नवरा बायकोला विचारतो, "सांग, मी काय करू?" हेतू चांगला आहे. पण यात काय करायचं हे लक्षात ठेवणं तिच्याकडेच राहतं. लंगोट संपत आलेत, लस पुढच्या आठवड्यात आहे, नखं वाढलीत, हे सगळं तिच्याच डोक्यात. सांगण्यापेक्षा स्वतः केलेलं बरं, असं तिला लवकरच वाटायला लागतं.

त्यापेक्षा एकदोन कामं सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपली करा. मी बापांना तीन कामं सुचवते. अंघोळ, रात्रीचे लंगोट आणि लसीकरणाची वही. वही आपली म्हणजे तारीख आपल्याला पाठ, रजा आपण टाकायची, दवाखान्यात बाळाला मांडीवर आपण धरायचं आणि रात्री ताप आला तर तापमान आपण मोजायचं. इथे एक आकडा लक्षात ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेलं तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

अंघोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण बाप सगळ्यात जास्त तिलाच घाबरतात. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, ओल्या मऊ कापडाने अंग पुसणं पुरे. नाळेला काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. नंतर पाण्यात अंघोळ. टॉवेल, कपडे, लंगोट आधी हाताशी मांडून ठेवा. पाणी कोपर बुडवून बघा, तळहाताला गरम नीट कळत नाही. डावा हात बाळाच्या मानेखालून न्या, डोकं मनगटावर टेकू द्या आणि त्याच हाताच्या बोटांनी बाळाचा पलीकडचा दंड धरा. ही पकड महत्त्वाची. साबणाने बाळ निसरडं होतं, पण दंड हातात असेल तर ते निसटत नाही. आधी चेहरा, नुसत्या पाण्याने. मग मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्या, दूध आणि मळ तिथेच साचतो. डोकं शेवटी, म्हणजे ओलं डोकं फार वेळ उघडं राहत नाही. बाळ पाण्यात असताना दार वाजलं, फोन वाजला, काहीही झालं तरी हात सोडायचा नाही. उठायचंच असेल तर बाळ घेऊन उठायचं.

आता यात बायकोने शेजारी उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. हे तिच्याशी आधी बोलून ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळा तिला राहवत नाही, तेव्हा तिने दुसऱ्या खोलीत जाऊन झोपावं. आया आणि आज्या, तुम्हालाही सांगते. बापाने लंगोट थोडा वाकडा बांधला तर बांधू द्या. मूल पडणार नाही, गुदमरणार नाही, भाजणार नाही इतकं बघा आणि बाकीचं सोडा. दर वेळी त्याच्या हातून घेऊन नीट करून दाखवलंत तर तो काही दिवसांत पुढे यायचं थांबवेल. अशा थांबलेल्या बापांबद्दल त्याच आया नंतर माझ्याकडे तक्रार करतात.

एक तास रोजचा असा ठेवा, की घरात बाळ आणि बाप दोघंच. आई झोपलेली किंवा बाहेर गेलेली, आणि फोन करून विचारायचं नाही. बाळ रडलं तर तुम्हीच शोधून काढायचं, भूक आहे, ओलं आहे, गॅस आहे की नुसतं कुशीत यायचं आहे. दुसऱ्याच्या देखरेखीखाली कितीही वेळ बाळ धरलं तरी हे शिकता येत नाही.

"बाईला निसर्गाने दिलेलं असतं, पुरुषाला नाही," हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. ते अर्धवट आहे. फिलिपिन्समधल्या सेबू इथे संशोधक ६२४ तरुणांना काही वर्षं तपासत राहिले. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चांगलंच उतरलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करणाऱ्या बापांमध्ये ते सगळ्यात कमी आढळलं. हा अभ्यास २०११ साली छापून आला. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की बाप जितका जास्त वेळ मुलाचं करतो, तितका त्याच्या मेंदूतल्या भावनांशी आणि दुसऱ्याचं मन ओळखण्याशी निगडित भागांमधला संबंध घट्ट दिसतो. मध्य आफ्रिकेतल्या जंगलांत राहणाऱ्या आका लोकांमध्ये तर बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो. ते शिकारी लोक आहेत, आणि त्यांच्यात याला कुणी कमीपणा मानत नाही. पुरुषाचं शरीर यासाठी बदलतं. बदलायला त्याला बाळाचा सहवास लागतो.

दूध पाजण्याबद्दल थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाजणं तिचं, पण बाळ उठवून आणणं, तिच्या पाठीला उशी लावणं, तिच्या हातात पाण्याचा तांब्या देणं, नंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलून पुन्हा झोपवणं हे सगळं तुमचं. "मी उठून काय करू, दूध तर तीच देणार" हे म्हणणं सोडा. आणि "दूध पुरत नाही वाटतं" असं कुणी तिच्यासमोर म्हणालं की उत्तर तुम्ही द्या. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. लंगोट तुम्हीच बदलत असाल तर हा आकडा तुम्हालाच तोंडपाठ असेल.

वडीलधाऱ्यांशी बोलताना

नियम पहिला, आणि मी तो फार कळकळीने सांगते. आपल्या आईवडिलांशी आपण बोलायचं, बायकोला पुढे करायचं नाही. "हिला आवडत नाही तसं" हे वाक्य नवऱ्याने उच्चारलं की घरात सासू-सुनेचं भांडण तयार होतं, आणि भांडण लावणारा बाजूला राहतो. "आई, मी ठरवलंय" असं म्हणा. तिच्या माहेरच्या माणसांशी तिने बोलावं.

नियम दुसरा. पाहुण्यांसमोर वाद घालायचा नाही. पाहुण्यांसमोर फक्त काम करत राहायचं, बोलायचं नंतर.

नियम तिसरा. जिथे बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे ठाम राहायचं, बाकी ठिकाणी सोडून द्यायचं. कोणतं झबलं घालायचं, आजी कोणतं गाणं म्हणते, बाळाला कोणत्या लाडक्या नावाने हाक मारते, यात पडू नका.

ठाम कुठे राहायचं याचं उदाहरण घेऊ. बाळाला पाठीवर झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, डोक्याजवळ उशी किंवा सैल पांघरूण न ठेवता. आजीला हे पटत नाही. ती म्हणते, "तुम्हा सगळ्यांना मी पालथं झोपवलं, काय झालं तुम्हाला?" इथे "तुला कळत नाही" असं म्हणालात तर संपलं. त्याऐवजी खरी हकिकत सांगा. एके काळी अनेक देशांत डॉक्टरच पालथं झोपवायला सांगायचे. मग बाळांच्या झोपेतल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास झाला, १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला, १९९४ पासून तिथे पाठीवर झोपवण्याची मोहीम निघाली आणि पुढच्या वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा म्हणा, "आई, तू तेव्हाच्या डॉक्टरांचं ऐकलंस आणि बरोबर केलंस. मी आताच्या डॉक्टरांचं ऐकतोय." यात तिचा मान राहतो. बाळ जागं असताना त्याला काही वेळ आजीच्या मांडीवर पालथं ठेवायला द्या. जाग्या बाळाला तसं ठेवणं चांगलंच, त्याने मान आणि खांदे बळकट होतात, आणि आजीच्या हाताला काम मिळतं.

आजीच्या मनातली भीती समजून घ्या. तिने मुलं एकटीने वाढवली, ते तिचं आयुष्यभराचं कर्तृत्व आहे. आता मुलगा सहज बाळाला अंघोळ घालतो, तेव्हा तिला वाटू शकतं की आपलं काम कुणीही करू शकत होतं. म्हणून तिला विचारत राहा. "आई, मी लहान असताना रात्री रडलो की तू काय करायचीस?" ती सांगेल त्यातलं पुष्कळ आजही तितकंच उपयोगी असतं. कडेवर घेऊन एका लयीत फिरणं तर आम्हीही विभागात करतो.

टोमण्यांना लांब उत्तरं देऊ नका. "बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास" असं एखादे काका म्हणतील. "बाळाचा लंगोट ओला होता, काका," एवढं म्हणून हातातलं काम पुरं करा. तुम्ही चिडलात किंवा स्पष्टीकरण देत बसलात, तर लोकांना विषय मिळतो. नाहीतर दोन-तीन भेटींत तो संपतो, हे मी घराघरांतून ऐकलं आहे.

टोमण्यापेक्षा कौतुक सांभाळणं अवघड. बाप एकदा लंगोट बदलतो आणि सगळे म्हणतात, "किती करतो हो! नशीबवान आहेस बाई." त्याच दिवशी तिने आठदा बदललेले असतात आणि कुणी काही बोललेलं नसतं. तिला ते लागतं, आणि ती बोलून दाखवत नाही. असं कौतुक झालं की तिथल्या तिथे म्हणा, "रात्रभर जागी ती आहे." एवढं पुरतं. गप्प राहून कौतुक खिशात घालू नका.

नोकरीच्या ठिकाणी

नॉर्वेत १९९३ साली बापांसाठी चार आठवड्यांची वेगळी रजा ठेवली गेली. बापाने घेतली नाही तर ती वाया जायची. या रजेचा पुढे बारकाईने अभ्यास झाला आणि २०१४ साली त्यातून मला फार मोलाची वाटणारी एक गोष्ट पुढे आली. ज्याच्या सहकाऱ्याने ही रजा घेतली होती, त्याने स्वतः ती घेण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या फरकाने वाढली. ज्याच्या भावाने घेतली होती त्याच्या बाबतीत हा फरक १५ टक्के होता. आणि घेणारा वरच्या हुद्द्यावरचा असेल तर त्याचा परिणाम साध्या सहकाऱ्यापेक्षा अडीच पटीहून जास्त.

तेव्हा रजेचा अर्ज करताना खोटं कारण लिहू नका. "घरगुती अडचण", "तब्येत बरी नाही" असं लिहिण्याची अनेकांना सवय असते. "बाळाची लस आहे, मी घेऊन जाणार आहे," असं लिहा आणि शेजारच्या टेबलावरही सांगा. रजेचे नियम काय आहेत ते प्रसूतीच्या दोन-तीन महिने आधीच विचारून ठेवा, पुष्कळ ठिकाणी बाळ जन्मल्यावर ठरावीक मुदतीतच अर्ज चालतो. तुम्ही साहेब असाल तर स्वतःची रजा पूर्ण घ्या. तुम्ही नुसतं "घ्या रे, हक्क आहे तुमचा" म्हणून स्वतः हजर राहिलात, तर खालचा माणूस तुमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या हजेरीकडे बघतो.

रडणं, आणि बापाचं मन

बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत बरंच ओसरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली मोजून दाखवलं होतं की सहाव्या आठवड्यात निरोगी बाळंसुद्धा दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडतात, जास्त करून संध्याकाळी. हे ठाऊक नसलेल्या बापाला वाटतं की माझ्याकडे आलं की रडतं. कामावरून परत येण्याची त्याची वेळ आणि बाळाची रडण्याची वेळ एकच असते, एवढंच. सगळं करून बघितलं आणि तरी थांबत नाही, डोकं भणभणायला लागलं, तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच मिनिटं बाहेर उभे राहा. रडण्याने बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो, जीवही जातो. अशी बाळं मी पाहिली आहेत आणि त्यांचे बाप वाईट माणसं नव्हते. ते थकलेले होते आणि त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य बापालाही येतं. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दर दहांत साधारण एका बापाला ते आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना प्रमाण आणखी जास्त. पुरुष बऱ्याचदा रडत नाही, तो चिडतो. उशिरापर्यंत कामावर थांबतो, दारू वाढवतो, बाळाला हातात घ्यायचं टाळतो, झोपायला वेळ मिळाला तरी झोपत नाही. घरचे म्हणतात जबाबदारीला घाबरला. दोन आठवड्यांहून जास्त हे चाललं असेल तर डॉक्टरांना सांगा. एडिनबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांचा एक कागद असतो, १९८७ मध्ये आयांसाठी तयार झालेला, तो बापांनाही भरून घेता येतो. बायको नैराश्यात असेल तर तुम्हाला येण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा तपासणीला दोघांनी जा.

दोघांनी जाण्याचं महत्त्व एकूणच मोठं आहे. कॅलिफोर्नियातले कॅरोलिन आणि फिलिप कॉवन हे संशोधक जोडपं अनेक वर्षं नव्या आईबापांचे गट चालवत होतं. फक्त बापांना बोलावलं त्यापेक्षा नवरा-बायको एकत्र आले त्या गटांमध्ये फायदा अधिक दिसला, कारण बाळाच्या कामाइतकंच एकमेकांशी बोलणंही तिथे सुधारत होतं. घरी एवढं तरी करा. आठवड्यातून एकदा बाळ झोपल्यावर अर्धा तास बसा आणि कुणाचं काम जड झालं आहे ते बोला. बोलताना "तू कधीच करत नाहीस" अशी वाक्यं नकोत. "मंगळवारी आणि बुधवारी रात्री मी झोपले नाही, या आठवड्यात त्या दोन रात्री तू घे" असं नेमकं मागा, आणि मागितलेलं द्या.

आता तुम्ही स्वतः बाप नसाल, किंवा तुमची मुलं मोठी झाली असतील, तरी एक काम तुमच्याकडे आहे. एखाद्या घरी बाळ बघायला जाल तेव्हा बाळ किती वेळा उठतं, पुढची लस कधी, वजन किती भरलं हे प्रश्न बापाला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर हसू नका, आईकडेही वळू नका. "बघून सांग मला पुढच्या वेळी," असं म्हणा. बाळ रडलं तर "दे आजीकडे" म्हणायच्या आधी तो उठतो का ते बघा, आणि तो उठून गेला की बाळंतिणीजवळ बसून तिची झोप झाली का, टाके दुखतात का, ते विचारा.